आधी रेघ

मजमुदारसाहेब फळा घेऊन आले, सहा बाय तीन.
दुकानात तो मावेना, म्हणून बाहेरच,
दांडिया बाजारच्या फुटपाथवर, उभा केला.
म्हणाले, रविवारी वादसभा आहे.
विषय तेवढा लिहून द्या, मार्तंडभाई:
देशाला एकच राष्ट्रभाषा असावी काय?

मी विचारलं, कोणत्या भाषेत लिहू?

ते हसले. मग हसायचे थांबले.
अध्यक्षांना विचारून सांगतो म्हणाले
आणि स्कूटरला किक मारली.

तोवर मी अस्तर मारलं, पांढरं.
सवयीनं वर एक रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
सवय आजोबांची. ते कचेरीत कारकून, मोडी लिहायचे.
मोडीत आधी रेघ,
मग तिच्याखाली अक्षरं, दोरीवर धोतरं वाळत घालावीत तशी.
त्यांचे कागद अजून आहेत, फरसाणाच्या डब्यात.
त्या लिपीत जमिनी दिल्या गेल्या, पगार कापले गेले,
कुणी कुणी देशोधडीला लागले.
आता आमच्या घरात ती कुणालाच वाचता येत नाही.
मला रेघ तेवढी कळते.

गुजरातीला रेघ लागत नाही.
तिची अक्षरं उन्हाळ्यात गच्चीवर झोपल्यासारखी,
डोक्यावर काही न घेता.
चाळीस वर्षं दोन्ही लिहिली मी,
सेवउसळवाल्यांसाठी, दातांच्या डॉक्टरांसाठी,
निवडणुकीत तर सगळ्यांसाठीच.
रेघ ओढणं सोपं. न ओढणं हाताला शिकवावं लागतं.

माझ्या मराठीला पुण्याची मावसबहीण अजून हसते.
लहानपणी तिला सांगितलं, मी पतंग चगवतोय.
चघळतोस? म्हणाली, शेळी आहेस का?
पण पतंग उडवला तर नुसता उडतो.
चगवला की तो वर जाऊन दोर मागतो,
आणि द्यावाच लागतो.

म्हणजे हा नको म्हणणार, असं तुम्ही धरून चालाल.
थांबा जरा.
माझा जावई कोइमतूरला आजारी पडला.
तीन रात्री एक नर्स तेच तेच विचारत होती
आणि माझी मुलगी, एम.कॉम. झालेली,
बोटानं त्याचं पोट दाखवत होती.
याआधी कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं होतं का,
एवढाच प्रश्न होता. चौथ्या दिवशी कळला.
त्या तीन रात्रींत कुणी मला विचारलं असतं
तर अख्ख्या देशावर एकाच रंगाचा हात फिरवला असता मी,
काठ न सोडता.

आणि मग हा सनातन बेहेरा, गंजामचा, माझ्याकडे रंग ढवळतो.
दिवसभर हिंदी बोलतो, मोजून, उसनी आणल्यासारखी.
तेव्हा तो चाळिशीचा वाटतो.
शटर ओढलं की आईला फोन लावतो
आणि आवाज आठ वर्षांचा होतो.
काय बोलतो ते कळत नाही.
मध्येच माझं नाव येतं, आणि दोघं हसतात.
गिऱ्हाईक तुटतं, हिंदी शिक, असं मीच त्याला दटावलं होतं.
तो शिकला.
मी ओडियाचा एक शब्द शिकलो नाही.
हे कुठल्या बाजूच्या खात्यात मांडायचं?

दिवेलागणीला साहेबांचा फोन.
अध्यक्ष म्हणतात, हिंदीत. खजिनदार म्हणतात, वडोदऱ्यात?
एक प्राध्यापक म्हणतात, इंग्रजीत लिहा,
म्हणजे सगळेच सारखे नाराज होतील.
तुम्हीच सांगा आता, मार्तंडभाई.
मी म्हटलं, प्रश्नचिन्ह काढून ठेवतो. ते तरी सगळ्यांचं एकच.

लाल रंगात काढलं, भलंमोठं, फळ्याच्या उजव्या टोकाला.
शेजारचा यासीन टेलर मशीन थांबवून बघत होता.
गुजरातीत म्हणाला, आमचं उलट्या तोंडाचं असतं.
आणि तू जिथे संपवलंस ना,
आमची ओळ तिथूनच सुरू होते.

सनातननं टर्पेंटाइनचा बोळा पुढे केला.
मी अजून घेतलेला नाही.
रंग ओला आहे.